धावपट्टीची डावी बाजू

"भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही," दुबईत अल क्वोजच्या कामगार कॅम्पातल्या खोलीत सोमनाथकाका पोरांना म्हणाले, "पण नागेश खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणजे... एकदाच बोलला होता. तेच ऐका."

चौदा नोव्हेंबर २०२४, गुरुवार. रात्री सव्वाअकराला नागेश मोटरसायकलवरून औषधांचं पार्सल घेऊन निघाला. पत्ता शहराबाहेरच्या नव्या वस्तीतला. तिथला मोठा रस्ता इतका सरळसोट का, हे बंगलेवाल्यांना ठाऊक नाही. नागेशला होतं. ती जुनी धावपट्टी. आधी नुसती दाबलेली वाळू, मग डांबर, मग फ्लाइंग क्लबची छोटी विमानं. हळूहळू भोवती बंगले उठले, आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि एक दिवस विमानतळ खलास.

नागेश आणि चिपळूणचे लियाकतभाई तिथे कामाला होते. रोज शेवटचं विमान उतरण्याआधी दोघांनी धावपट्टी पायी चालायची. उजवी बाजू भाईंची, डावी नागेशची. खडा, स्क्रू, दिसेल ते वाकून उचलायचं, पत्र्याच्या डब्यात टाकायचं. मग कागदावर दोघांच्या सह्या. एका संध्याकाळी मोबाइलवर मॅच रंगात आली होती. नागेश शेडमधून हललाच नाही.

"झाली माझी बाजू," त्याने थाप मारली.

"तू बघितलंस ना? मग झालं," म्हणत भाईंनी नेहमीसारखी, शिरोरेघ न देता, सही केली.

डाव्या बाजूला पडलेल्या बोल्टने विमानाचं चाक फुटलं. पायलटचा पाय मोडला. चौकशीत नागेश मान खाली घालून म्हणाला, "डावी बाजू लियाकतभाईंची होती, सर." भाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आठवड्याभरात त्यांचा व्हिसा रद्द झाला. पुढच्या वर्षी ते गावी वारले. नागेशने त्यांच्या बायकोला, साजिदाभाभींना, साधा फोनसुद्धा केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

तर त्या रात्री त्याने पार्सल दिलं. पोचवल्याची सही पावतीवर केली, पावती खिशात घातली आणि तो परत फिरला.

डबा खुळखुळला.

उजव्या कडेने कोणीतरी चाललं होतं. वाकत. उचलत. पुन्हा चालत.

नागेशला पुढे जाववेना. गाडी बंद केली.

"नागेश..." आवाज अगदी रोजचा. "तुझी बाजू राहिलीय रे."

तो उतरला. डाव्या कडेला गेला. वाकला. हाताला वाळू लागली. पुन्हा वाकला... पलीकडे डबा वाजतच होता. बरोबरीने.

रस्ता संपला तिथे त्याला रडू फुटलं. "भाई, डावी बाजू माझी होती. मी चाललोच नव्हतो. फार लाज वाटते हो..."

डबा थांबला.

रस्ता रिकामा.

पोरांतल्या मधूने विचारलं, "मग, काका?"

"खोलीवर आल्यावर त्याने माझ्यासमोर खिशातून पावती काढली. तिच्यावर एकाच सहीची जागा असते. तिथे नागेशची सही होती. आणि तिच्याखाली... शिरोरेघ न देता लिहिलेलं, लियाकत."