डाव्या हाताला काम

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून आडवं पडलं होतं, आणि घुग्घुसची माधवी नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर बसून मोहर्लीकडे गाडी पाहायला निघाली होती. पाहायला म्हणजे, लोक पोरगी पाहायला जातात ना, अगदी तसंच. दोन सख्ख्या बहिणींसारख्या दोन गाड्या होत्या, त्यातली एक पसंत करून घरी आणायची होती.

मांडीवर चौदा महिन्यांची मयुरी. माधवीने तिला शालीत अशी गुंडाळली होती की हातपाय सगळे आत, नाक तेवढं बाहेर.

"अवं, श्वास तं घेऊ दे तिले," निकेश पुढून ओरडला.

"घेऊन राह्यली ती. तुमी समोर पाहा."

खरं तर सगळं त्या श्वासापायीच चाललं होतं. निकेश घुग्घुसला कोळशाचा टिप्पर चालवायचा. तिथे दोरीवर वाळत घातलेली पांढरी झबली संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायची. मयुरीचा खोकला काही केल्या जात नव्हता. डॉक्टर शेवटी म्हणाले, औषध देतो, पण पोरीला या धुळीतून हलवा. तेव्हापासून निकेशच्या डोक्यात एकच बसलं होतं. लाल रंगाची, बिनटपाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार. लग्नसराईत नवरदेवाला भाड्याने द्यायची, लग्नाआधी फोटो काढणाऱ्या जोडप्यांना द्यायची, चंद्रपूरच्या मोकळ्या बाजूला खोली करायची, आणि कोळशाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. म्हणून गाडी चुकीची निवडून चालणार नव्हतं. गाडी चुकली तर टिप्पर सुटणार नव्हता, आणि टिप्पर सुटला नाही तर खोकला सुटणार नव्हता.

मोहर्लीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून एक फाटा झाडीत शिरतो. तिथून चार किलोमीटर आत आशाबाईंचं घर. वाटेत एक नाला लागला, त्यावर बिनकठड्याचा बुटका पूल. पुलाच्या दोन्ही टोकांना वाळक्या काड्यांचे ढीग पडले होते, कमरेएवढे. कोणी सरपण गोळा करून विसरून गेलं असेल, असं माधवीला वाटलं. पुलावर हवा एकदम गार लागली आणि ओल्या चिखलाचा वास आला. तिने शाल आणखी आवळली.

आशाबाई पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलायला मोकळ्या. गाड्या त्यांच्या पोराच्या, विक्कीच्या. पोरगा आता पुण्याला नोकरीला होता.

"दोनी एकाच आईच्या लेकी," त्या शेडचं दार ढकलत म्हणाल्या. "एकीले प्रत्येक गोष्ट सांगा लागते, दुसरी आपल्या मनानं चालते. आता तुमाले कशी सून पाह्यजे ते तुमी पाहा."

आत दोन लाल गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. इतक्या बुटक्या, की माधवीच्या गुडघ्याच्या जरा वर त्यांचं दार संपत होतं. रंग तोच, चाकं तीच. फक्त एकीत गिअरचा दांडा आणि पायाशी तीन पट्ट्या, दुसरीत दोनच पट्ट्या आणि एक गुळगुळीत मूठ.

"पण मावशी, एकासारख्या एक दोन गाड्या काऊन घेतल्या विक्कीभाऊनं?" निकेशने विचारलं.

"ऑटोमॅटिक आधी घेतली. महिनाभर फिरवली. मंग एक दिवस आणून उभी केली ते केलीच. म्हणे, मले गिअरवालीच पाह्यजे. हट्टी आहे पोट्टं."

शेडच्या कोपऱ्यात एक म्हातारा बाजेची दोरी आवळत बसला होता. कोलूकाका, जवळच्याच पाड्यावरचा, या घराचा राखणदार. त्याने मान वर करून ऑटोमॅटिककडे पाहिलं आणि पुन्हा दोरीला हात घातला.

मग तिथेच वाद सुरू झाला.

"गिअरवालीच घेऊ," निकेश म्हणाला. "गाडी हातात असल्यासारखी वाटते. ऑटोमॅटिक म्हंजे पाळणा आहे. बसा अन् झोके घ्या."

"नवरदेवाले क्लच येत नसन तं? वरातीत गाडी बंद पडली तं लोकं कोणाले हसन?"

"अन् तुले?"

"मले बी नाई येत," माधवी म्हणाली. निकेशने तिला मैदानात मित्राच्या गाडीवर शिकवून पाहिलं होतं. गाडी प्रत्येक वेळी उडी मारून बंद पडायची. "मले ऑटोमॅटिक जमन. अन् एक हात लेकराले मोकळा राहीन."

आशाबाई हसल्या. "पोरगी बरोबर बोलून राह्यली. दोनी चालवून पाहा. मयुरीले ठेवा माझ्यापाशी."

निकेश आधी गिअरवाली घेऊन निघाला. कोलूकाका उठून पुढे आला, त्याच्या हातात एक वाळकी काडी होती.

"भाऊ, पुलावरून मोकळ्या हातानं जाऊ नोको. डाव्या हातात हे धर. त्या टोकाले ढिगावर टाकून दे."

"काका, टोलनाका आहे का तिथी?" निकेश हसला. "हात मोकळा आहे कुठी? गिअर कोण टाकन?"

म्हाताऱ्याने दांड्याकडे पाहिलं. "हो, तं मंग चालते," म्हणाला आणि काडी स्वतःच्या कानामागे खोचून परत बाजेशी बसला.

वीस मिनिटांनी निकेश परत आला तो हवेतच. मग पाळी ऑटोमॅटिकची, आणि ती माधवी चालवणार होती. मयुरी आशाबाईंच्या कडेवर बिस्कीट चघळत होती, तिला आईची काही पडली नव्हती. कोलूकाका पुन्हा काडी घेऊन आला. माधवी स्टेअरिंगला घट्ट धरून बसलेली, म्हणून ती निकेशनेच घेतली आणि समोरच्या काचेशी ठेवून दिली.

"हातात, भाऊ..." म्हातारा म्हणाला.

"हो हो काका."

माधवीने ब्रेकवरून पाय उचलला. गाडी आपोआप सरकू लागली, तेव्हा ती दचकली. मग हळूहळू जमलं. उजवा पाय दाबला की पळते, सोडला की रेंगाळते. डाव्या पायाला काम नाही, डाव्या हाताला काम नाही. निकेश शेजारी दोन्ही हातांनी मोबाईल धरून व्हिडिओ काढत होता. दुपारचे साडेबारा, डोक्यावर ऊन, मोहाच्या झाडांच्या सावल्या रस्त्यावर टिपक्यांसारख्या. किती दिवसांनी माधवीच्या छातीतली गाठ सैल झाली होती. तिने डावा हात मांडीवरून खाली सोडला, दोन सीटांच्या मधल्या फटीत.

पुलावर गाडी चढली. ओल्या चिखलाचा वास आला. खाली नाल्यात पाणी नावापुरतंच होतं.

तिच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला छोट्या बोटांनी विळखा घातला.

आता इथे नीट ऐका. माधवी घाबरली नाही. चौदा महिने रोज, भाकरी थापताना, बोलताना, झोपेत, मयुरी तिची हीच दोन बोटं धरायची. हाताला ते इतकं ओळखीचं होतं की माधवीने रस्त्यावरची नजरही काढली नाही. उलट अंगठा त्या चिमुकल्या बोटांवरून हळूच फिरवला, नेहमी फिरवायची तसा. बोटं गार होती, ओलसर. पाण्यात खेळली वाटतं, असं तिच्या मनात आलं. घरी गेल्यावर पाय शेकायला हवेत. खोकला वाढेल.

पूल संपला. पुढे शंभरेक पावलं गाडी गेली. मग माधवीला आठवलं की मयुरी आशाबाईंच्या कडेवर आहे.

तिने मान वळवली नाही.

"अहो..."

"हं?"

"तुमचे हात कुठी आहे?"

"हे काय, मोबाईलवर. काऊन?"

बोटांवरची पकड तशीच होती. ओढत नव्हती, दुखवत नव्हती. नुसती धरून होती, बाजारात लेकरं धरतात तशी, हरवू नये म्हणून. माधवीने पाय उचलला, गाडी रेंगाळत थांबली. तिने उजव्या हाताने काचेशी ठेवलेली काडी घेतली आणि खाली न पाहता डाव्या हाताकडे नेली. काडीचं टोक तळव्याला लागलं, आणि ती छोटी बोटं एकेक करून सुटली. आधी करंगळी. शेवटी अंगठा.

"माधवी? काय झालं?"

"तुमी चालवा," ती म्हणाली. "अन् हे काडी धरा हातात. हसू नोका."

तिचा चेहरा पाहून तो हसला नाही. परतताना त्याचा मोबाईल तिने स्वतःच्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

शेडपाशी उतरल्यावर तिने आधी मयुरीला घेतलं, छातीशी धरलं, तिचे हात चाचपले. कोरडे, गरम, बिस्किटाने चिकट. मग ती सरळ कोलूकाकासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, कोण आहे तिथी?"

म्हाताऱ्याने दोरी खाली ठेवली. "धरला का तुमचा हात?"

तिने मान डोलावली.

"लेकरू आहे, बाई. कोणाचं, ते माझ्या आज्यालेबी मालूम नोतं. काई करत नाई. हात मोकळा दिसला का धरते. घरी जायचं असते त्याले. हातात काई दिसलं, का हा हात आपला नाई म्हणते अन् मागं राह्यते."

"मंग एस्टीतल्या लोकायचं कसं?" निकेशने विचारलं. आवाजात चेष्टा आणायचा प्रयत्न होता, पण आली नाही.

"एस्टीत कोणाचा हात मोकळा असते, भाऊ? कोणी दांडा धरते, कोणी पोतं धरते. जंगल पाहाले येणाऱ्या जिप्सीतल्या लोकायच्या हातात मोबाईल. मोटरसायकलवाल्याचा क्लचवर. अन् त्या सगळ्या गाड्या उंच." त्याने लाल गाडीच्या दाराकडे बोट केलं, जमिनीपासून हातभर वर. "हे पहिली गाडी आहे, जे त्याच्या उंचीची आहे. विक्कीले सांगतलं होतं मी. त्यानं आयकलं, पण महिन्यानं आयकलं."

आशाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "माझा पोरगा अजूनबी झोपताना डावा हात उशीखाली दाबून झोपते. मले वाटे, सवय असन."

पसंती झाली. गिअरवाली. गाडी आजच घेऊन जा, पैशाचं, कागदाचं मागाहून पाहू, असं आशाबाई म्हणाल्या. मोटरसायकल शेडमध्येच ठेवली, निकेश दुसऱ्या दिवशी येऊन नेणार होता.

निघताना माधवीने सगळं स्वतः पाहिलं. तशी ती भित्रीच. घरातून बाहेर पडताना शेगडी तीनदा पाहणारी. निकेशचा उजवा हात स्टेअरिंगवर, डावा गिअरवर. "पुलावर काढायचा नाई," तिने बजावलं. तिच्या स्वतःच्या दोन्ही हातांत एकेक काडी. दोन यांचे, दोन माझे, तिने मनात मोजलं. चारही भरलेले. मयुरीला मांडीवर घेतलं आणि दोन्ही कोपरांनी आवळून धरलं. ऊन होतं म्हणून शाल काढून ठेवली होती.

मयुरीचे हात तिने मोजले नाहीत. आईला ते वेगळे वाटतच नाहीत ना.

पूल आला. वास आला. निकेशने दुसरा गिअर टाकला आणि दांड्याला असा धरून बसला की बोटं पांढरी पडली. गाडी सावकाश पार झाली. त्या टोकाला माधवीने दोन्ही काड्या ढिगावर टाकल्या आणि पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. तेवढ्यात मयुरी हसली. डावीकडे पाहून, ओळखीचं कोणी दिसल्यावर हसते तशी. तिचा डावा हात दाराबाहेर लोंबत होता. माधवीने तो झटकन आत घेतला. मूठ मिटलेली होती.

घुग्घुसला पोचेपर्यंत चार वाजले. शेजारपाजारची माणसं लाल गाडीभोवती जमली, कोणी हळदकुंकू आणलं, कोणी लिंबू मागितलं. निकेश सगळ्यांना गिअर दाखवत होता. माधवीने मयुरीला अंगणात उभं केलं, भिंतीला धरून, आणि दाराची कडी काढायला वळली.

"अवं माधवी, पाह्य तं! चालली तुयी पोरगी!" शेजारची रुखमा ओरडली.

मयुरीने भिंत सोडली होती. आजपर्यंत आईच्या बोटाशिवाय एक पाऊल न टाकलेली मयुरी अंगणाच्या मधोमध डुलत डुलत येत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निकेशने मोबाईल काढला.

माधवीने टाळी वाजवली नाही. ती मयुरीच्या डाव्या हाताकडे पाहत होती. नवीन चालणारं लेकरू तोल सावरायला हात पसरतं, तसा तो पसरलेला नव्हता. मोठ्या माणसाचं बोट धरावं तसा वरही नव्हता. तो बाजूला होता, खांद्याच्या जरा खाली, आपल्याएवढ्याच कुणाचा हात धरावा तसा. मूठ अर्धी मिटलेली.

अंगणात कोळशाची बारीक काळी धूळ होती. पावलं त्यात फक्त मयुरीचीच उमटत होती. माधवीने दोनदा पाहिलं.

मयुरी उंबरठ्यापाशी आली आणि थांबली. दारात माधवी उभी होती, पण मयुरीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती एका बाजूला सरकली, दारात कोणाला वाट द्यावी तशी. ओल्या चिखलाचा वास माधवीच्या पायांजवळून घरात गेला.

मग मयुरी आत आली. हात अजून तसाच होता, फक्त आता बाजूला नव्हता. समोर ताणलेला होता, पुढे गेलेलं कुणी तिला घर दाखवायला ओढून नेत असावं तसा.