नऊ महिन्यांचं बिऱ्हाड

त्या दुमजली घरात एक मोठा लेखक अवघे नऊ महिने राहिला होता, आणि तेवढ्यावर घराचं संग्रहालय झालं. तिकीटवाले काका म्हणत, लेखकाचं बिऱ्हाड नऊ महिन्यांचं, पण आपली दोघांची पोटं जन्मभर भरतंय. दोघांतली दुसरी म्हणजे झाडलोट करून कुलूप लावणारी बाई.

वरच्या खोलीत दोरीच्या आड लेखकाचं टेबल, खुर्ची, पलंग. भिंतीवर बायकोला निळ्या शाईत लिहिलेली पत्रं. प्रत्येकात एकच धोशा, इकडे निघून ये. ती कधी आलीच नाही. पत्रांच्या काचा पुसताना बाईचा हात रेंगाळायचा. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा परगावच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा तिची गाडी चुकली. ती पोचली तोवर तोंडावर चादर ओढलेली. संध्याकाळभर दाराकडे बघत ‘आली का’ एवढंच विचारत होते, असं नर्सने सांगितलं.

त्या दिवशी अंगात कसर म्हणून काका लवकर गेले. दिवस कलला तशी बाई वरच्या खिडक्या लावायला निघाली. अर्ध्या जिन्यात असताना खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणी पाहुणा राहिला असेल म्हणून ती चढली. खोलीत कुणी नव्हतं. नुकत्याच विझवलेल्या दिव्याचा वास तेवढा होता. खुर्ची मात्र दाराकडे वळलेली.

“आलीस...?”

आवाज थकलेला, पुरुषाचा. आपल्या माणसाचा नाही, हे तिला लगेच कळलं. पळायला हवं होतं. पण सहा वर्षं हाच प्रश्न उत्तरावाचून तिच्या उरात अडकला होता. तिने दोरी घट्ट धरली.

“आले हो,” ती म्हणाली. “उशीर झाला... पण आले.”

कुणीतरी खांद्यावरचं ओझं उतरवावं तसा एक लांब सुस्कारा ऐकू आला. मग काही नाही. तिने डोळे पुसत खिडक्या लावल्या, कुलूप घातलं. त्या रात्री तिला किती वर्षांनी गाढ झोप लागली.

सकाळी तिने काकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. तिकिटांचा गठ्ठा बाजूला ठेवून म्हणाले, “बाई, दोरी ओलांडली नव्हती ना तुम्ही?”

नाही, शपथेवर नाही, असं म्हणत ती नळावर हात धुवायला गेली. डाव्या हाताच्या पाठीवर चार बोटं उमटली होती, तळव्यात अंगठा. निळी शाई, अजून ओली.

साबण हातात तसाच राहिला. तिने हलकेच नळ बंद केला.