चामड्यावरचं सागवान

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन भरलेलं. कल्पिताच्या टेबलापाशी एक बाई भिंतीला लावलेली तपकिरी फळी निरखत होत्या. कल्पिता तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारचा एक उंच मुलगा, कुणी विचारलेलं नसताना, त्यांना समजावू लागला. हे जुनं सागवान आहे, या उभ्या रेघा बघा, असं लाकूड आता डोळ्यांना दिसत नाही, मी सुतार आहे, मला कळतं...

कल्पिताने सगळं ऐकून घेतलं. मग ते जुनं सागवान उचललं, त्याची छान सुरळी केली आणि त्या मुलाच्या हातात दिली.

"घ्या. घरी नेऊन उलगडा."

बाई हसत पुढच्या टेबलाकडे गेल्या. मुलगा मात्र तिथेच. कान लालबुंद, पण नजर चामड्यावर.

"म्हणजे हे... म्हशीचं?"

"हो."

"आयुष्यात पहिल्यांदा मला म्हशीने फसवलं."

"म्हशीने नाही," कल्पिता म्हणाली, "मी."

आणि तो असा काही मोकळा हसला की कल्पिताने उगाचच टेबलावरच्या पाकिटांची रांग सरळ केली. ती आधीच सरळ होती.

त्याचं नाव ॲड्रियन. ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला, सुतारकाम घरचंच. कल्पिता डोंबिवलीजवळच्या गावातली आगरी मुलगी. रंगाच्या कंपनीतली लॅबची चांगली नोकरी सोडून घरामागच्या शेडमध्ये चामड्यावर लाकूड काढत बसायची. हिरड्याने कमावलेलं चामडं ओलं करायचं, त्यावर फिकट रंगाचा हात द्यायचा, मग कोंबडीच्या पिसाने गडद रेघा ओढायच्या. गडद रंगासाठी गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवलेलं पाणी. ते पाणी चामड्याला लागलं की काळं पडलंच म्हणून समजा. तिची आई, मालन, शेजारणींना सांगायची की पोरगी शिकली खरी, पण कातड्याच्या नादी लागली.

ॲड्रियन दर रविवारी चर्चहून थेट शेडवर यायला लागला. येताना खऱ्या लाकडाचे तुकडे आणायचा... शिसव, आंबा, फणस. तिच्या रेघा बघून म्हणायचा, छान आहेत, पण लाकूड इतकं शहाण्यासारखं वागत नाही गं. कल्पिताला राग यायचा. मग तो गेल्यावर ती त्याच्या तुकड्यांकडे बघत बसायची, आणि पुढच्या रविवारी तिच्या रेघा थोड्या जास्त वाकड्या असायच्या. तो त्या बघायचा आणि काही न बोलता तिच्याकडे बघायचा. हे असलं न बोलणं फार वाईट, रात्रीची झोप नेतं.

मग तो रविवार आला. घोडबंदरच्या एका नव्या हॉटेलच्या काउंटरसाठी तिला पहिलं मोठं काम मिळालेलं. दाराएवढं चामडं ओलं पसरलेलं, रेघा नुकत्या ओढून झालेल्या. ॲड्रियन आला, बघतच राहिला आणि कौतुकाने त्याने कोपऱ्यावरून हळूच बोटं फिरवली. सकाळी चर्चला जाण्याआधी महाशयांनी लाकूड कोरायच्या पटाशीला धार लावलेली. हात धुतलेले, पण बोटांच्या रेषांत लोखंडाची पूड राहिलेली. बघता बघता त्या ओल्या चामड्यावर चार काळे डाग उमटले.

कल्पिताच्या तोंडाला तशीही धार. ती नको नको ते बोलली. सुताराने आपल्या लाकडांत राहावं म्हणाली. शेवटी म्हणाली, "परत इथे येऊ नकोस."

तो गेला.

डाग काही जाईनात. तेव्हा तिने नाइलाजाने त्यांच्याभोवती रेघा वळवल्या आणि लाकडात असतात तशा गाठी केल्या. हॉटेलची सजावट बघणारी माया चामडं न्यायला आली, तर नेमकी त्या कोपऱ्यापाशीच थांबली. हाच भाग खरा वाटतो म्हणाली, आणि जेवणघराच्या भिंतींसाठीही अशाच गाठींचं काम सांगून गेली.

कल्पिता खूश व्हायला हवी होती. पण रविवार आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. शेडच्या दाराशी मांजर आलं तरी ही मान वर करून बघायची. त्याच्याशिवाय आपलं काही खरं नाही, हे तिला पुरतं कळून चुकलेलं. पण माफी मागायची म्हटलं की हिची दातखिळी बसते, हे तिची आईच सांगायची. आता ही दातखिळी सुटली नाही, तर माणूस कायमचा जाणार होता.

तिसऱ्या रविवारी सकाळी ती आईशी काहीतरी बोलली आणि ठाण्याला त्याच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली. तो रंधा मारत होता. मान वर केली नाही. तिने मायाच्या नव्या कामाचं सांगितलं. स्वतःची बोटं लावून पाहिली, पण तशा गाठी येत नाहीत, हेही सांगितलं.

"म्हणजे कामाला आलीस," तो म्हणाला.

"नाही... काम हा बहाणा आहे." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "मी चुकले. तू येत नाहीस तर मला करमत नाही. मला तू आवडतोस, ॲड्रियन. कधीपासून आवडतोस."

रंधा थांबला.

"दोन्ही रविवारी डोंबिवलीला आलेलो," तो हळूच म्हणाला. "रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो, नि परत फिरलो."

"मग यायचंस ना पुढे..."

"तू येऊ नकोस म्हणालेलीस."

"मी म्हणते म्हणून सगळं ऐकायचं असतं?"

आता तो हसला. तसाच, मोकळा. अंगावरचा भुसा झटकत तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "बरं, मग कधी येऊ?"

"आत्ता. आईने बोंबलांचं कालवण केलंय. तिला सांगून आलेय, दोघं येतोय म्हणून."

"कोण येतंय म्हणून सांगितलंस?"

कल्पिताने पहिल्यांदाच नजर खाली केली. "नुसतं तुझं नाव सांगितलं. तर म्हणाली, मग तांदळाच्या भाकरी जास्त टाकते... जावई उपाशी जायला नको."