जांभळाचा गाळ

सकाळी साडेसहाला दूध तापवून हिंमतराव वारज्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आले. तांब्याने एकेका कुंडीला पाणी घालत ते मोगऱ्यापाशी थांबले. माती आजही बुडबुडत होती.

तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचे कारण नव्हते. पत्नी द्वारकाबाईंनी जाण्यापूर्वी घातलेली जांभळाची वाईन त्यांनी परवा गाळली होती आणि बरणीच्या तळचा निम्मा गाळ थेट कुंडीत ओतला होता. द्वारकाबाई तसे कधीच करू देत नसत. गाळ आधी महिनाभर वाळल्या पानांत मुरवायचा, मगच झाडाला द्यायचा. "अहो, जिवंत आहे तो अजून," असे त्या बजावत.

हिंमतरावांनी घड्याळ समोर धरून बुडबुडे मोजले. परवा मिनिटाला सहा होते, काल नऊ. आज चौदा.

त्यांनी जुनी वही उघडली. रुग्णालयातल्या शेवटच्या तीन दिवसांत त्यांनी द्वारकाबाईंचे श्वास मोजून लिहिले होते. चौदा. नऊ. सहा.

दहा वाजता रुपाली आली. लेक परिचारिका होती. तिची नजर आधी माणसावर जाई. आज मात्र बाल्कनीतल्या वाईनच्या वासाने तिने आधी नाक मुरडले.

"बाबा, आता झाडांनाही सवय लावलीत का?"

"खत आहे ते."

तिने मातीला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. "कोमट आहे. उद्या येऊन ही माती काढून टाकते." मग ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. पाठीवर हात ठेवून तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिले.

"नऊ. बाबा, इतका हळू श्वास? काही होतंय का तुम्हाला?"

"काही नाही गं. उलट शांत वाटतंय."

"उद्या दवाखान्यात जायचं. कारणं सांगायची नाहीत."

ती गेल्यावर हिंमतरावांनी फ्रिज उघडला. उरलेला गाळ वाडग्यात होता. वाळल्या पानांची बादली कोपऱ्यात तयार होती. एका हातात वाडगा घेऊन ते बराच वेळ बादलीपाशी उभे राहिले.

मग त्यांनी तो कुंडीत रिता केला. बोटाने पुसून, शेवटच्या थेंबापर्यंत.

माती हलकेच वर आली.

थबकली.

खाली बसली.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि वहीत लिहिले: अठरा. शेजारी स्वतःचा आकडा लिहिण्यासाठी पेन टेकवले आणि ते वाट पाहत राहिले. पुढचा श्वास अजून यायचा होता.