पत्र्यापलीकडचा हात

काटक्या शेकोटीत सरकवा, आणि तो कुत्रा बांधा कोणीतरी. मधेच भुंकला की माझी गोष्ट तुटते.

मुखरू लोहार माझ्या वडिलांच्या बैठकीतला माणूस. दारूला कधी शिवला नाही, आणि खोटं रचून सांगावं एवढी जीभही त्याला नव्हती. त्यानं हे आमच्या ओसरीवर सांगितलं तेव्हा त्याची बायको मनकर्णा शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं एकदाही मधे 'असं नाही' म्हटलं नाही.

साल एकोणीसशे पंचावन्न. कार्तिकातली अमावस्या. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि मुखरू चांद्यात मोटारींच्या पत्र्याचं काम करी. सावली नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यातून नानाजी ठेकेदाराचं त्याला बोलावणं आलं. हा नानाजी जंगलातून बांबू काढणारा. त्याच्याजवळ लढाईच्या काळातली एक फौजी गाडी होती, लिलावात घेतलेली. मागं खोलीसारखा बंद डबा, आत निजायची फळी, चुलीपुरती जागा. हंगामात त्याची माणसं तिच्यातच राहायची. पण पावसाळे खाऊन खाऊन गाडी सडली होती. फळीच्या बाजूचा पत्रा तर बोट लावलं की भुग्यासारखा गळायचा.

मुखरू बायकोला घेऊन गेला, कारण हे काम एकट्याचं नाही. सडका पत्रा कापायचा, नवा लावायचा, भोकं पाडायची. मग एकानं आत बसून भोकातून रिबिट, म्हणजे पत्रे जोडायचा डोकेवाला खिळा, बाहेर सरकवायचा आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दुसऱ्यानं बाहेरून त्याचं टोक हातोडीनं चेपायचं. आतला हात ढिला पडला की रिबिट वाकडा. मनकर्णाचा हात कधी ढिला पडत नसे.

त्या दिवशी दुपारी निरोप आला. भद्रावतीकडे तिचं माहेर. माय अंथरुणाला खिळली होती. मुखरूनं ऐकलं आणि म्हणाला, काम झाल्यावर जाऊ. नानाजीला पहाटे गाडी जंगलात न्यायची आहे.

मनकर्णा संध्याकाळपर्यंत काम करत राहिली. मग आतूनच म्हणाली, "तुमचं काम होईस्तोवर माणूस जित्ता राह्यते का?"

मुखरू पुढचं भोक पाडू लागला. तिनं ठोकळा खाली ठेवला, मागच्या दारानं उतरली आणि गावाकडे चालू लागली.

गाडी गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली उभी होती. बाजूला धानाचे भारे रचलेले. दिवस बुडाला तसं गार पडलं. मुखरूनं कंदील लावला आणि चडफडत बसून राहिला. उठून तिच्यामागं जावं, असं मन म्हणे. अर्धवट काम टाकून जाता येत नाही, असंही तेच म्हणे. दोनदा उठला, दोनदा बसला. विडी पेटवली, ती अर्धी ओढून टाकली.

तेवढ्यात पत्र्यावर आतून आवाज आला. टक.

ठोकळा टेकवल्याचा. बाईचा राग उतरला, मागच्या दारानं परत येऊन बसली, असं त्याला वाटलं. भोकातून रिबिट बाहेर आला. मुखरूनं हातोडी उचलली.

काम असं चाललं की काय सांगू. एक चेपून होतो तोच पुढच्या भोकातून दुसरा हजर. आतला ठोकळा भिंतीसारखा घट्ट, केसभर हलत नव्हता. मनकर्णा आज बोलत नाही, पण हात कसा चालवते आहे, असं म्हणून मुखरू मनातून खजील झाला. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. आयुष्यात कधी बोलला नव्हता ते तो पत्र्याशी तोंड नेऊन बोलला.

"माह्यं चुकलं. कामाचं नंतर पाहू. सकायी तुह्या मायकडं जाऊ आपण."

पुढचा रिबिट अर्धा बाहेर येऊन थांबला.

"आयकलं का?"

आत काही हललं नाही. मग आवाज आला, पण भोकाजवळून नाही. खालून. फळीच्या उशाकडचा एक जुना कोपरा होता, वरून बरा दिसतो म्हणून मुखरूनं सोडलेला. तिथं आतून… टक. टक.

"तो राहू दे. तो चालते."

टक. टक. टक.

आता जोरानं. जुन्या पत्र्याचा गंज बाहेर झडू लागला. मुखरूच्या पायावर पडू लागला.

"मनकर्णा…"

"काय?"

आवाज मागून आला. रस्त्यावरून.

मुखरू वळला. हातात कंदील, डोक्यावर भाकरीची टोपली. मनकर्णा गावाकडून येत होती.

"कोणाशी बोलून राह्यले?"

त्यानं पत्र्याकडे बोट केलं. तिनं कंदील वर धरला. नव्या पत्र्यावरची चेपलेली टोकं एका रांगेत चमकत होती. ती बघत राहिली. मग हळूच पदराची गाठ चाचपली.

"रिबिट त माह्याजवळ आहेत," ती म्हणाली. "सगळे."

गाठ सोडून तिनं दाखवले.

दोघं उभे. आत शांत… मोहाचं पानही हलत नव्हतं.

मग कोपऱ्यात, अगदी हळू… टक.

टोपली तिथंच पडली.

गावात नानाजीनं घराचं दार उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते विचारलंच नाही. त्यांना आत घेतलं, दाराला कडी घातली. पुष्कळ वेळानं त्यानं आपणहून सांगितलं. मागच्या पावसाळ्यात गाडी नदीपलीकडे जंगलात होती आणि मंगरू नावाचा राखणदार त्या फळीवर निजायचा. उशाकडून पाणी येते, असं तो दर खेपेला सांगायचा. नानाजी म्हणायचा, पावसाळा सरल्यावर पत्रा लावू. श्रावणात झड लागली. मंगरूला ताप भरला, छाती भरली. नदी उतरून माणसं पोचली तेव्हा तो ओल्या फळीवर पडून होता. हात कोपऱ्याला लावलेला.

"पाणी अडवून राह्यला होता, असं वाटलं मले," नानाजी म्हणाला.

उजाडल्यावर मुखरू गाडीपाशी गेला. आत कोणी नव्हतं. त्यानं नानाजीला सांगितलं, हा कोपरा झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. पहाटे निघणारा ठेकेदार मुकाट्यानं मोहाखाली बसून राहिला. मुखरूनं कोपरा कापला. आत मनकर्णा ठोकळा धरून बसली. काम झाल्यावर नानाजीनंच त्यांना बैलगाडी जोडून दिली. माय जिवंत भेटली. लेकीच्या हातचा भात खाऊन मग आणखी काही दिवस काढले म्हातारीनं.

गाडी नानाजीनं पुढं वापरली नाही. डबा उतरवून घरामागच्या वाडीत ठेवला. मी तिकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम पाहिला. कोपरा पक्का आहे. वरची रांगही पक्की आहे. फक्त एका भोकातून एक रिबिट अर्धा बाहेर आलेला आहे, चेपायचा राहिलेला. मुखरूनं त्याला पुन्हा हातोडी लावली नाही.

मी आत जाऊन पाहिलं. आतून त्या भोकात काहीच नाही. नुसतं भोक, पलीकडचा उजेड दिसतो.

बाहेर येऊन मी रिबिटावर अंगठा ठेवला आणि आत ढकलला.

गेला नाही.