गव्हाणची डुक्कर फियाट

जुनी गाडी घ्यायची तर भर दुपारी बघावी, हृतिक. तुला हळदीला मिरवायचंय ना तिच्यातून, मग आधी गप ऐक. आणि तो मोबाईल उलटा ठेव. हे मी शिवा फिटरच्या तोंडून ऐकलंय, आणि खोटं रचायला लागते तेवढी अक्कल शिवाला नाय.

आपला खांदा कॉलनीतला कुंदन. त्याच्या चुलतभावाने, प्रितेशने, पोरीच्या लग्नात जुनी अँबेसेडर आणली, तेव्हापासून कुंदनच्या घशाखाली घास उतरेना. प्रितेशने बंगला बांधला की याने आपल्या घरावर मजला चढवायचा, अशी दोघांची गत. त्यात कळलं, गव्हाणच्या दयारामची डुक्कर फियाट त्याच्या विधवेला विकायचीय. आणि प्रितेश गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बघायला जाणार.

गेल्या वर्षीची गटारी होती. आषाढाची अमावस्या. प्रितेश मटण-दारूत आडवा होणार हे याला ठाऊक. म्हणून याने स्वतः थेंब घेतला नाही. जेवण उरकून शिवाला उचललं आणि रात्री दहाच्या सुमारास गव्हाण गाठलं.

दयारामच्या बायकोने, सोनाबाईने, मिठागराला लागून असलेल्या शेडचं दार उघडून दिलं. शिवाने लोहचुंबक काढलं. गंजलेल्या पत्र्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की चुंबक घसरतं. इथे सगळीकडे चिकटलं. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. गंजाचा ठिपका नाही.

"किती दिवस उभी हाय, काकी?"

"मालक गेल्यापासून. तीन वर्सं."

शिवाने कुंदनला बाजूला ओढलं. "शेट, खाडीच्या हवेत तीन वर्सांत साधा खिळा राहत नाय. ही नको."

"प्रितेशने किती चारले तुला?"

शिवाने चुंबक खिशात टाकलं.

दयाराम संशयी होता, हे अख्ख्या गव्हाणला माहीत. बायकोला मागे बसवायचा आणि आरसा तिच्या तोंडाकडे फिरवून ठेवायचा. रस्त्यात कुणाकडे बघते ते बघायला.

सोनाबाई एवढंच म्हणाली, "मार एक चक्कर, पोरा. आरशाला हात नको लावू."

तीन वर्षं बंद गाडी. पहिल्याच सेल्फला चालू.

कुंदन कुणाचं ऐकतो? रस्त्याला लागताच त्याने आरसा सरळ केला. थोडं पुढे गेले, शिवा बाजूच्या सीटवर. आरसा फिरलेला.

पुन्हा सरळ केला.

पुन्हा फिरला. मागच्या सीटकडे.

कुंदनने त्यात पाहिलं... आणि ब्रेक दाबला.

"काय झालं, शेट?"

"मनिषा..."

मनिषा त्याची बायको. ती घरी होती.

शिवाने मान वळवली. मागे कोणी नाही. लाल रेक्झिन.

"नटलीय... हसतेय..."

"शेट, परत फिरवा."

"...बाजूला प्रितेश हाय."

कुंदनने ब्रेक सोडला. गाडी पळवली. रस्त्याकडे बघेना. नजर आरशात. शिवाने हाका मारल्या... हात धरला... काही नाही. वळणावर गाडी मंदावली तशी शिवाने दार उघडून उडी टाकली.

कुंदन त्याच गाडीने घरी गेला. सोनाबाईने गाडीची चावी आजवर मागितलेली नाही.

मनिषा झोपली होती. निघताना यानेच बाहेरून कुलूप घातलं होतं, गटारीला पिऊन कोणी दार ठोकू नये म्हणून. किल्ली याच्याच खिशात. तरी तिला उठवून बसवलं आणि विचारलं, कुठे गेली होतीस. आणि प्रितेश? तो संध्याकाळपासून ओट्यावर घोरत होता, सगळ्या आळीने बघितलंय. पण कुंदनला सांगणार कोण. आता तो तिला भाजी आणायलाही एकटी सोडत नाय. जायचं तर त्या गाडीतून. मागे बसून.

तिने माझ्या बायकोला, शकूला, रडून एकच सांगितलं. त्या रात्री नवऱ्याने दिवा लावला तेव्हा तिच्या दोन्ही पायांच्या तळव्यांना मीठ चिकटलेलं होतं. जाडं, ओलं, मिठागरातलं.

आषाढात सगळी मिठागरं पाण्याखाली असतात, पोरांनो.