काळुरामवरचा आळ

सकाळी आठला पेणच्या प्रयोगशाळेत सुरभीचा फोन वाजला. बाईचा आवाज होता. जिते गावात दत्तात्रेयच्या तळ्यात जिताडे मासे मरतायत, पाण्यात कुनी इख घातलंय का नाय तेवढं तपासा, असं म्हणून तिने फोन ठेवला.

माशांचे रोग तपासणं हे सुरभीचं कामच. तासाभरात ती तळ्यावर पोचली. बांधावर मेलेल्या माशांचा ढीग होता. शेजारच्या तळ्यावरच्या बायजाबाईनेच विष टाकलं, असं दत्तात्रेय तिथे आलेल्या हवालदाराला तावातावाने सांगत होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, काळुरामने, हेच केलं होतं म्हणे. तेव्हा गावाने काळुरामला वाळीत टाकलं आणि त्या धसक्यात तो गेला.

सुरभी पाण्याशी वाकली. काठाला खेकडे पळत होते, कोलंबी उड्या मारत होती. विषाने आधी तीच मेली असती. मग तिने मासे उलटून पाहिले. अंगावर लाल चट्टे, कुरतडलेले पर, फिकट कल्ले. बऱ्याच माशांची तोंडं जाळीला घासून सोललेली.

"किती मासे सोडले होते?"

"आठशे," दत्तात्रेय म्हणाला. "या तळ्याला तेवढेच झेपतात."

पण त्याचा राखणदार केरू याने मेलेले मासे मोजले, तेच चौदाशे भरले होते.

"जाळीत वाढवता?"

"नाय, मोकळेच. जाळीत बायजाबाई वाढवते."

सुरभी पलीकडच्या तळ्यावर गेली. तिथली जाळी रिकामी होती. दोन तळ्यांमधल्या पाणी सोडायच्या लाकडी झडपेवरचं शेवाळ नुकतंच खरवडलेलं दिसलं. बायजाबाई बांधावर बसून होती.

"मावशी, सकाळचा फोन तुमचाच ना?"

"व्हय."

सुरभी तिला घेऊन परतली आणि सगळ्यांसमोर बोलली. विष कुणीच टाकलेलं नव्हतं. रोगाचे जंतू तळ्यात कायम असतात, धडधाकट मासा त्यांना दाद देत नाही. पण दाटी झाली की तो सतत धास्तावलेला राहतो. एकमेकांना चावतो, खाणं सोडतो, अंगावरचा बुळबुळीत थर झिजतो आणि रोगाशी झुंजायची ताकद जाते. मग काही दिवसांतच साथ पसरते.

"जादा मासे जाळीतले आहेत," ती म्हणाली. "मावशींनी झडप उघडून आपलेच मासे इकडे घातले."

बायजाबाईने मान खाली घातली नाही.

"माजं सहाशे मासं मीच मारलं. दोन वर्सांपूर्वी यानं तळ्यात दुप्पट मासं कोंबलं व्हतं. ते मेलं नि आळ माज्या नवऱ्यावर आला. तवा एकानं मासा उचलून बगला नाय. म्हनून परत तसंच मारलं, नि तुमाला बोलावलं."

आपल्याला इथे मुद्दाम आणलं गेलं, हे सुरभीच्या आत्ता ध्यानात आलं. तिला राग आला, पण तिने केरूकडे वळून विचारलं, त्या साली किती सोडले होते?

मालकाची नजर चुकवत केरू म्हणाला, "सोळाशे."

हवालदाराने बायजाबाईला चला म्हटलं.

"येते. आदी कागद लिवा, नि तो यानं वाचाचा. गावासमोर."

सुरभीने बायजाबाईचा गुन्हा लिहिला. त्याखाली केरूचं सांगणं आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही लिहिला. कागद दत्तात्रेयच्या हातात गेला. तोवर बांधावर गाव जमलं होतं. तो बराच वेळ खाकरत राहिला, पण कुणी जागचं हललं नाही. शेवटी त्याने वाचलं: काळुरामने विष घातल्याचा काहीही पुरावा नाही.

"मोट्यानं," बायजाबाई म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं.